मुक्कामाचा प्रश्न आधी, ग्रुप थिअरी नंतर

वाचक विद्यार्थिनीचं पत्र, थोडक्यात:

"मी अक्कलकोट तालुक्यातल्या एका खेड्यातून रोज केगावला सोलापूर विद्यापीठात येते. एम.एस्सी. रसायनशास्त्र, पहिलं सेमिस्टर, सहा आठवडे झाले. सकाळी सातला घर सोडते, साडेनऊला पोहोचते; पाचला निघून संध्याकाळी साडेसातला परत. गाव ते अक्कलकोट, अक्कलकोट ते सोलापूर स्टँड, स्टँडपासून केगाव, अशा तीन गाड्या होतात. रोज १२० रुपये जातात. आठवड्याला १६ तास लेक्चर आणि १२ तास प्रॅक्टिकल असतं. पहिल्या इंटर्नल टेस्टला २० पैकी ६ पडले. क्वांटम आणि ग्रुप थिअरी (रेणूंच्या सममितीचं गणित) डोक्यावरून जातं. प्रॅक्टिकलला माझी यील्ड (हाती येणाऱ्या पदार्थाचं प्रमाण) कायम कमी येते, दोन प्रयोगांची जर्नलवर सही राहिली आहे. घरी आम्ही कानडी बोलतो, शाळा मराठीतून झाली, इथे सगळं इंग्रजीतून. मी बोलले की हेल ऐकून दोघी-तिघी हसतात, म्हणून वर्गात तोंडच उघडत नाही. वसतिगृहाच्या प्रतीक्षा यादीत नाव आहे. विद्यापीठाच्या वाटेवर बाळे इथे चार मुलींच्या रूमवर एक जागा आहे, माणशी १,८०० भाडं आणि मेसचे २,५००. वडिलांची तीन एकर कोरडवाहू जमीन आहे, त्यांना सांगायचा धीर होत नाही. मामा म्हणतात, हे सोड आणि बी.एड. कर. सोडू का? ता.क. सायंटिफिक कॅल्क्युलेटर घ्यायचा आहे, कोणता घेऊ?"

उत्तर:

सोडू नकोस. आणि अभ्यासाचं बोलायच्या आधी रूमचं बोलू, कारण तुझ्या पत्रातल्या निम्म्या अडचणी तिथून सुरू होतात.

तुझाच हिशेब मांडते. जायला अडीच तास, यायला अडीच तास, आठवड्याचे पाच दिवस. म्हणजे २५ तास गाडीत किंवा गाडीची वाट पाहत स्टँडवर. लेक्चर आणि प्रॅक्टिकल मिळून २८ तास. म्हणजे तू जवळजवळ एक अख्खं दुसरं वेळापत्रक प्रवासात उरकतेस. एम.एस्सी.च्या थिअरीला तासाला तास घरचा अभ्यास धरला तर आठवड्याला आणखी १६ तास हवेत. साडेसातला घरी, जेवण, घरातलं काम, सकाळी पुन्हा सातची गाडी. ते १६ तास येणार कुठून? २० पैकी ६ ही तुझ्या डोक्याची परीक्षा नव्हती, एवढं या आकड्यांवरून तरी दिसतं.

आता पैसे. रूम आणि मेस मिळून महिन्याला ४,३०० रुपये. प्रवासाला आत्ता रोजचे १२०, महिन्याचे २२ दिवस धरले तर २,६४० जातातच. रूमवर राहून दर शनिवार-रविवारी घरी गेलीस तर चार फेऱ्यांचे ४८०. म्हणजे जास्तीचा खर्च ४,३०० अधिक ४८० वजा २,६४०, साधारण २,१४० रुपये महिना. पहिलं सेमिस्टर संपायला तीन महिने धरले तर साडेसहा हजाराच्या आत, शिवाय डिपॉझिट, जे परत मिळायचं असतं. वडिलांना "रूम करायची आहे" असं मोघम सांगितलंस तर त्यांना पुढच्या दोन वर्षांचा डोंगर दिसेल. हा हिशेब कागदावर मांडून दाखव आणि फक्त या सेमिस्टरपुरतं विचार. वसतिगृहात नंबर लागला तर रूम सोडता येते.

मेसचा आकडाही खाली आणता येतो. घरून महिन्याला दोनदा कडक भाकरी आणि शेंगा चटणी आणलीस तर एका वेळचा डबा पुरतो. कडक भाकरी नीट वाळलेली असेल आणि हवाबंद डब्यात ठेवली तर आठवडा-दोन आठवडे आरामात टिकते, हे तुला अक्कलकोटची असून मी सांगायला नको. मात्र दोन्ही वेळा त्याच्यावर काढू नकोस. सेमिस्टरच्या मध्यावर आजारी पडणाऱ्या मुलींमध्ये डब्याच्या पैशात काटकसर करणाऱ्या फार असतात.

बाळ्याची रूम पक्की करण्याआधी एकदा संध्याकाळी सहाच्या पुढे जाऊन बघ. दुपारी सगळ्याच खोल्या चांगल्या दिसतात. सोलापुरात पहिला प्रश्न पाण्याचा. नळ किती दिवसांआड येतो, वर टाकी किती लिटरची आहे, ती किती खोल्यांत वाटली जाते, बोअर आहे का, उन्हाळ्यात बोअर आटतो का. हे मालकाला विचारून भागत नाही, तिथे राहणाऱ्या मुलींना विचार. मग लाइटचं मीटर वेगळं आहे की बिल माणशी वाटतात, गेट किती वाजता बंद होतं (प्रॅक्टिकल लांबलं तर उशीर होतो), चौघींत टेबल किती, आणि महामार्गापासून खोलीपर्यंतच्या रस्त्याला दिवे आहेत का. सोलापूर-पुणे महामार्गावर गाड्या सुसाट असतात. रोज ओलांडावा लागणार असेल तर कुठून ओलांडायचा ते आधीच बघून ठेव.

आणखी एक प्रश्न मुली हमखास विसरतात: मालक भाडेकरार करून देईल का? विद्यापीठाबाहेर खोली करून राहणाऱ्यांना निवासाचे पैसे देणाऱ्या ज्या सरकारी योजना आहेत, त्यांत राहण्याचा पुरावा लागतो. "करार-बिरार काही नाही, विश्वासावर राहा" म्हणणाऱ्या मालकाची खोली शंभर-दोनशेने स्वस्त असली तरी शेवटी महाग पडते.

तू प्रवर्ग लिहिलेला नाहीस, म्हणून सगळ्याच योजनांची नावं देते. अनुसूचित जाती आणि नवबौद्ध विद्यार्थ्यांसाठी डॉ. बाबासाहेब आंबेडकर स्वाधार योजना, अनुसूचित जमातीसाठी पंडित दीनदयाळ उपाध्याय स्वयंम् योजना, इतर मागासवर्ग, भटके-विमुक्त आणि विशेष मागास प्रवर्गासाठी ज्ञानज्योती सावित्रीबाई फुले आधार योजना. शासकीय वसतिगृहात जागा न मिळालेल्यांना बाहेर राहण्या-जेवण्यासाठी थेट खात्यात पैसे, असं या तिन्हींचं स्वरूप आहे. यांपैकी कशातच बसत नसशील तर डॉ. पंजाबराव देशमुख वसतिगृह निर्वाह भत्ता योजना बघ. ती अल्पभूधारक शेतकऱ्यांच्या आणि नोंदणीकृत मजुरांच्या मुलांसाठी आहे. अल्पभूधारक म्हणजे दोन हेक्टरपर्यंत, म्हणजे सुमारे पाच एकर. तीन एकरवाले तुझे वडील त्यात बसतात, पण तहसीलदारांचा तसा दाखला काढावा लागतो. फीसाठी राजर्षी छत्रपती शाहू महाराज शिक्षण शुल्क शिष्यवृत्ती आहे. तिला कुटुंबाच्या उत्पन्नाची मर्यादा ८ लाख रुपये. अनुसूचित जातीच्या भारत सरकार पोस्ट मॅट्रिक शिष्यवृत्तीला हीच मर्यादा अडीच लाख. दरवर्षीच्या अटी, तारखा आणि कोणता अर्ज कुठे करायचा, हे त्या-त्या वर्षीच्या सूचनेत वाच. मैत्रिणीने मागच्या वर्षी काय केलं त्यावर जाऊ नकोस.

अर्ज भरणं सोपं असतं. अर्ज अडकतो कुठे, ते जास्त महत्त्वाचं. पहिलं ठिकाण बँक. "माझं खातं आधारशी लिंक आहे" म्हणून मुली निर्धास्त असतात, पण सरकारी पैसे (डीबीटी) आधार क्रमांकावर येतात आणि एनपीसीआय या पेमेंट संस्थेकडे शेवटचं मॅपिंग, म्हणजे आधारशी जोडणी, ज्या बँकेचं झालं असेल त्या खात्यात पडतात. मध्येच कुणी लाडाने दुसऱ्या बँकेत नवीन खातं उघडून दिलं असेल तर पैसे तिकडे जातात, आणि कुठेच मॅपिंग नसेल तर परत फिरतात. बँकेत जाऊन नेमकं विचार, "डीबीटीसाठी एनपीसीआयला मॅपिंग या खात्याचं आहे का?" दुसरं ठिकाण नाव. आधारवर एक, दहावीच्या मार्कशीटवर दुसरं, बँकेत तिसरं. कानडी आडनावांच्या स्पेलिंगमध्ये हा घोळ फार होतो. तिसरं, उत्पन्नाचा दाखला. एका वर्षाचा दाखला बहुधा ३१ मार्चपर्यंतच चालतो, तेव्हा जुना लावू नकोस. चौथं, आणि सगळ्यात फसवं: महाडीबीटीवर (राज्य सरकारच्या शिष्यवृत्ती पोर्टलवर) अर्ज भरल्यावर तो छाननीला जातो, त्रुटी असली तर तुझ्याच लॉगिनला परत येतो, आणि तू लॉगिनच करत नाहीस. दर शुक्रवारी पाच मिनिटं स्थिती बघायची सवय लाव. परत आलेला अर्ज दुरुस्त करून पुन्हा पाठवायलाही मुदत असते.

बोनाफाईड एकदम तीन प्रती माग. एक एसटी पासला, एक बँकेला, एक शिष्यवृत्तीला. प्रत्येक वेळी नव्याने अर्ज करून रांगेत उभं राहण्यात एक लेक्चर जातं.

रूम खरंच शक्य नसेल, वडिलांनी नाहीच म्हटलं, तर निदान प्रवासाचं गणित सुधार. रोज तिकीट काढणं थांबव. महिला सन्मान योजनेत तुला अर्धं तिकीट लागतं, पण विद्यार्थी मासिक पासला ६६.६७ टक्के सवलत आहे, म्हणजे भाड्याचा फक्त तिसरा हिस्सा. पास सोलापूर स्टँडपर्यंत न काढता केगावपर्यंत मिळतो का ते पास खिडकीवर विचार. मोहोळच्या दिशेने जाणाऱ्या साध्या गाड्यांपैकी कोणत्या विद्यापीठाला थांबतात, तेही तिथेच कळेल. आणि साडेनऊ ते पाच या तुझ्या दिवसात जे मोकळे तास आहेत (पाच दिवसांचे साडेसदतीस तास, त्यांतले वर्गाचे २८), त्यांतून जेवण वजा केलं तरी सहा-सात तास उरतात. ते कँटीनमध्ये जात असतील तर ग्रंथालयात न्यायचे. रोज येऊन-जाऊन करणाऱ्यांना तेवढाच अभ्यासाचा उजेडातला वेळ असतो. गाडीत वाचायचं ठरवू नकोस. उभ्याने प्रवासात ग्रुप थिअरी कुणालाच येत नाही. गाडीत फक्त पाठांतर: अभिक्रियांची नावं, रिएजंट, स्पेक्ट्रोस्कोपीचे आकडे.

आता अभ्यास. तुला मागे खेचतंय ते रसायनशास्त्र नव्हे, बारावीनंतर सुटलेलं गणित आहे. बी.एस्सी.ला गणित सोडलेल्या जवळजवळ प्रत्येकाचं हेच होतं. क्वांटमच्या पुस्तकाचं पहिलं पान उघडण्याआधी पाच गोष्टी पक्क्या कर: साध्या फलनांचं विकलन, साईन-कोसाईन आणि एक्स्पोनेन्शियलचं समाकलन, इंटिग्रेशन बाय पार्ट्स, दोन बाय दोन आणि तीन बाय तीन मॅट्रिक्सचा गुणाकार व डिटरमिनंट, आणि काल्पनिक संख्या. बारावीचं जुनं पुस्तक त्याला पुरतं. रोज एक तास दिलास तर दहा-बारा दिवसांत होईल. मग पार्टिकल इन अ बॉक्स (डब्यात कोंडलेल्या कणाचं गणित) एकदा स्वतः, पुस्तक मिटून, कागदावर सोडव. तरंगफलन भिंतीपाशी शून्य का व्हायला हवं आणि त्यातून ऊर्जा पायऱ्यांनी का येते, एवढं हाताने निघालं की पुढचं हार्मोनिक ऑसिलेटर आणि रिजिड रोटर त्याच घराण्यातलं वाटू लागतं. मुलं चुकतात ती सीमेच्या अटी पाठ करून. पाठ केलेली अट परीक्षेत एका शब्दाने बदलली की सगळं कोसळतं.

ग्रुप थिअरी मात्र वाचून येतच नाही, ती हाताने शिकायची. टूथपिक आणि भिजवलेल्या कणकेचे गोळे घे आणि सहा रेणू बनव: पाणी, अमोनिया, बोरॉन ट्रायफ्लोराइड, मिथेन, स्टॅगर्ड इथेन, बेंझीन. प्रत्येक हातात फिरवून सममितीच्या क्रिया मोज. पाण्याच्या सीटूव्ही गटात चार येतात, अमोनियाच्या सीथ्रीव्हीत सहा, मिथेनच्या टीडीत चोवीस. मिथेनच्या चोवीस स्वतः मोजून आल्या तर कॅरॅक्टर टेबलची, म्हणजे गटातल्या क्रियांच्या तक्त्याची, भीती राहणार नाही. त्यापुढे, रिड्युसिबल रिप्रेझेंटेशनचे इर्रिड्युसिबल तुकडे पाडताना जी चूक सगळ्यात जास्त मार्क खाते ती अशी: टेबलात "दोन सीथ्री" किंवा "तीन सिग्मा व्ही" असं, म्हणजे त्या प्रकारच्या क्रिया किती ते, लिहिलेलं असतं आणि बेरीज करताना तो दोन किंवा तीन गुणायचा राहतो. उत्तर अपूर्णांकात आलं की समजायचं, हेच झालंय. पूर्णांकच यायला हवा.

इंग्रजीबद्दल. लेक्चरमधलं प्रत्येक वाक्य कळायला हवं, हा हट्ट सोड. उद्याच्या विषयाची पाठ्यपुस्तकातली चार-पाच पानं आदल्या रात्री चाळून ये, नवे शब्द वहीच्या मागे मराठीत किंवा कानडीत अर्थासकट लिही. ऐकताना ओळखीचा शब्द आला की कान तिथे टेकतो आणि बाकीचं वाक्य त्याच्याभोवती जुळतं. एनपीटीईएलची (आयआयटींच्या प्राध्यापकांची ऑनलाइन) व्याख्यानं मोफत आहेत; सबटायटल लावून पाऊणपट वेगाने ऐक. मात्र एका विषयाला एकच मालिका धर. चार मालिका उघडून एकही पुरी न करणं, हा रूमवर राहणाऱ्या मुलांचा आवडता उद्योग आहे. उत्तरपत्रिकेत लांब इंग्रजी वाक्यं लिहायची गरज नसते. एका वाक्यात एक मुद्दा, यंत्रणेला बाण काढलेली नीट आकृती, समीकरण, आणि एककं.

प्रॅक्टिकलची यील्ड. तू कोणतं प्रिपरेशन ते लिहिलं नाहीस, पण कारणं बहुतेक ठरलेली असतात. रिक्रिस्टलायझेशनला सॉल्व्हंट जास्त पडतो. पदार्थ विरघळेना म्हणून आपण ओतत राहतो, मग थंड झाल्यावर बराचसा त्यातच विरघळलेला राहतो आणि गाळणीच्या पाण्याबरोबर सिंकमध्ये जातो. सॉल्व्हंट उकळता ठेव, थोडा-थोडा घाल, पदार्थ जेमतेम विरघळला की थांब. न विरघळणारा कचरा असला तर गरम असतानाच गाळ. मग फ्लास्क बाकावर आपोआप कोमट होऊ दे, त्यानंतर बर्फात ठेव. एकदम बर्फात टाकलंस तर बारीक, घाणीसकट बसलेले स्फटिक मिळतात. स्फटिक येतच नसतील तर काचकांडीने आतल्या बाजूला खरवड. सॉल्व्हंट जास्त झालाय अशी शंका आली तर उकळून थोडा आटव, सगळं फेकून पुन्हा सुरू करू नकोस. धुताना बर्फासारखा थंड सॉल्व्हंट, तोही थोडा.

मेल्टिंग पॉइंट खाली आणि पसरट येत असेल तर पदार्थ ओला आहे किंवा अशुद्ध आहे. घाईत ओलाच कॅपिलरीत भरला जातो. गाळणकागदांमध्ये दाबून वाळव, शक्य असेल तर दुसऱ्या दिवशी मोज. अपेक्षित तापमानाच्या दहा-पंधरा अंश आधीपासून तापवणं मंद कर, मिनिटाला एक ते दोन अंश. टायट्रेशनला बाटलीवर लिहिलेल्या ०.१ नॉर्मलवर विश्वास ठेवू नकोस. सोडियम हायड्रॉक्साइड हवेतला कार्बन डायऑक्साइड ओढतो, त्याचं प्रमाण त्याच दिवशी ठरवायचं असतं. ब्युरेट भरल्यावर फनेल काढून ठेव. त्यातून नंतर टपकलेला एक थेंब रीडिंग बिघडवतो. आणि कंडक्टोमेट्रीत (द्रावणाची वाहकता मोजण्याच्या प्रयोगात) तापमान लिहायला विसरू नकोस. सेल कॉन्स्टंटसाठी पोटॅशियम क्लोराइडचा जो आकडा पुस्तकात असतो तो बहुधा २५ अंशांचा, ०.१ मोलरला सुमारे १२.९ मिलिसिमेन्स प्रति सेंटिमीटर. द्रावणाची वाहकता दर अंशाला साधारण दोन टक्क्यांनी वाढते. सोलापूरच्या प्रयोगशाळेत पाणी २५ अंशांवर क्वचितच असतं. ३२ अंशांवर मोजून २५ चा आकडा घातलास तर १४ टक्क्यांची चूक पदरात घेऊनच प्रयोग सुरू होतो.

राहिलेल्या दोन सह्या याच आठवड्यात घे. प्रयोग बुडाला असेल तर दुसऱ्या बॅचबरोबर करायची परवानगी माग, आत्ता मिळू शकते. सबमिशनच्या आठवड्यात सगळेच मागतात आणि तेव्हा प्रयोगशाळेत जागा नसते. निरीक्षणं थेट वहीत, पेनने. सुट्या कागदावर घेतलेली रीडिंग हरवतात. येऊन-जाऊन करणाऱ्या मुली इंटर्नलमध्येच मार्क गमावतात, हे ध्यानात ठेव. गाडी चुकली म्हणून टेस्ट बुडते, सेमिनारची तारीख कळत नाही, असाइनमेंट दुसऱ्या दिवशी दिली जाते. हजेरी ७५ टक्क्यांच्या खाली गेली की परीक्षेच्या फॉर्मपासून शिष्यवृत्तीपर्यंत सगळीकडे अडचण येते.

हसणाऱ्या मुलींविषयी. हे विद्यापीठ २००४ साली एकट्या सोलापूर जिल्ह्यासाठी सुरू झालं, अकरा तालुक्यांसाठी. घरी कानडी, तेलुगू किंवा उर्दू बोलणारी मुलं वर्गात असणं इथे नवलाचं नाही, आणि शहरातलं मराठीही पुण्याच्या कानाला हेलाचंच वाटतं. एखादी हसली तर तिला तिथल्या तिथे सरळ विचार, "काय चुकलं, सांग." बहुतेक वेळा तिथेच संपतं. पण मुद्दाम, पुन्हा पुन्हा, चारचौघांत नक्कल चालू असेल तर ते सोसायचं काम नाही. यूजीसीच्या २००९ च्या रॅगिंगविरोधी नियमांत २०१६ साली झालेल्या दुरुस्तीनंतर भाषिक ओळख, जन्मस्थान, राहण्याचं ठिकाण यांवरून दिलेला त्रास रॅगिंगमध्ये मोडतो. तारीख, जागा, काय बोलल्या आणि कुणासमोर, हे लिहून ठेव आणि विभागप्रमुखांकडे लेखी दे. राष्ट्रीय हेल्पलाइन १८००-१८०-५५२२ चोवीस तास चालते. मात्र वर्गात गप्प बसणं हा त्यावरचा उपाय नव्हे. आठवड्यातून एका लेक्चरला एक प्रश्न, आधी वहीत लिहून, वाचून विचार. झोप उडाली असेल, रडू आवरत नसेल तर टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या १४४१६ वर मराठीतून मोफत बोलता येतं.

मामांचं म्हणणं. बी.एड. वाईट नाही, पण त्याला सीईटी द्यावी लागते आणि ती पुढच्या प्रवेशाची असेल. आत्ता सोडून तुझं वर्ष वाचत नाही, उलट हे सहा महिने मोकळे जातात. नव्या शैक्षणिक धोरणाच्या रचनेत एम.एस्सी.चं एक सेमिस्टर २२ क्रेडिटचं, दोन वर्षांची ८८. पहिलं वर्ष, म्हणजे ४४ क्रेडिट पूर्ण करून बाहेर पडलीस तर पदव्युत्तर पदविका मिळते. पहिल्या सेमिस्टरच्या मध्येच सोडलंस तर हातात काही नाही. म्हणून मामांना सांग, जूनपर्यंत थांबू. हवी तर मधल्या काळात बी.एड.ची सीईटीही देते. मिळवलेली क्रेडिट अ‍ॅकॅडमिक बँक ऑफ क्रेडिट्समध्ये जमा होतात, तुझा बारा अंकी आयडी डिजिलॉकरवरून काढून त्यावरचं नाव मार्कशीटशी जुळवून घे. शिवाय दुसऱ्या सेमिस्टरला ऑन जॉब ट्रेनिंग आहे, ४ क्रेडिट, १२० तास. केगावच्या पुढे चिंचोळी एमआयडीसीत बालाजी अमाइन्स, स्मृती ऑरगॅनिक्ससारखे रसायन आणि औषधांचे कारखाने आहेत. तिथल्या क्वालिटी कंट्रोलमध्ये जागा हवी असेल तर विभागाचं पत्र घेऊन डिसेंबरातच विचारायला लाग. जानेवारीत गड्डा (सिद्धेश्वर यात्रेची जत्रा) भरतो, मकरसंक्रांतीच्या आसपास शहरात काहीच हलत नाही, आणि तोवर जागा भरलेल्या असतात. हे काम आवडलं तर बी.एड.चा विचार आपोआप मागे पडेल, नाही आवडलं तर मामा आहेतच.

परीक्षेचा फॉर्म भरताना ऐच्छिक विषयाचा कोड दोनदा तपास. निकाल अपेक्षेपेक्षा फार कमी आला तर उत्तरपत्रिकेची छायांकित प्रत माग, ती बघूनच पुनर्मूल्यांकनाचे पैसे भर. अर्जाची मुदत मोजक्याच दिवसांची असते आणि निकाल लागतो तेव्हा तू गावाला असशील, म्हणून वर्गातल्या सोलापुरात राहणाऱ्या एखादीचा नंबर घेऊन ठेव.

कॅल्क्युलेटर नॉन-प्रोग्रॅमेबल घे, ग्राफवाला नको. परीक्षेत चालत नाही. लॉग दहाच्या पायाचा आणि ई-च्या पायाचा, दोन्ही बटणं स्वतंत्र असलेला बघ. क्वांटमची गणितं करायला बसलीस की आधी पडद्यावरचं अक्षर बघ, डिग्रीचं डी की रेडियनचं आर. साईनच्या आत पाय (π) असेल तर तो रेडियनमध्ये हवा, आणि नवीन कॅल्क्युलेटर दुकानातून बहुधा डिग्रीवर येतो.